फुलांसाठी घर, फुलांचे घर

पुस्तकाचे परीक्षण करावे, नाटकाचे करावे, फार तर चित्रप्रदर्शनाचे करावे; पण फुलांच्या प्रदर्शनाचे कसले परीक्षण, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. फुले पाहावीत, ‘छान’ म्हणावे आणि घरी यावे, हीच सर्वमान्य रीत. आम्हीही ती पाळली असती. परंतु २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात बेंगळुरूच्या लालबागेत जे पाहिले ते नुसत्या ‘छान’मध्ये मावेना, आणि परतल्यावर आमच्या धर्मग्रामातील वेदीपुढे गुडघे टेकताना तेच पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहू लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

लालबागेतील पुष्पप्रदर्शन वर्षातून दोनदा भरते. एकदा प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास आणि एकदा स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास. कर्नाटक सरकारचे उद्यानविद्या खाते आणि म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी ते मिळून भरवितात. आम्ही पाहिले ते दोनशे चौदावे. नातलगांकडे काही दिवसांच्या मुक्कामाला गेलो होतो, आणि आमच्यासोबत एक मावशी होत्या. मावशींचे उभे आयुष्य वसईच्या वाडीत मोगरा खुडण्यात गेले आहे. पहाटे कंदिलाच्या उजेडात कळ्या खुडायच्या, केळीच्या पानात बांधायच्या आणि लोकलगाडीने दादरच्या फूलबाजारात न्यायच्या, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. ‘फुले बघायला चला’ असे आम्ही म्हणालो तेव्हा त्या हसल्या होत्या. फुले बघायला इतक्या लांब जातात, ही गोष्टच त्यांना नवलाची वाटली असावी.

प्रदर्शनाचा पहिला आठवडा सरत आला होता, तरी गर्दी अशी की चालण्याऐवजी माणूस वाहतच पुढे जावा. सर्वांचा ओघ काचघराकडे होता. या काचघराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या म्हणण्याचा धागा तेथूनच निघतो.

लालबाग हैदर अलीने १७६० मध्ये वसविली, टिपूने वाढविली. आज तिचा विस्तार सुमारे २४० एकरांचा आहे. काचघर पुष्कळ नंतरचे. ३० नोव्हेंबर १८८९ रोजी इंग्लंडचे राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. त्या वेळी बागेचे अधीक्षक जॉन कॅमेरॉन होते. दक्षिणेतील स्वयंपाकघरांत ‘बेंगळुरूचे वांगे’ म्हणून जे फळ शिजते, ते चाऊ-चाऊ या प्रांतात आणणारे तेच गृहस्थ. काचघराचा नमुना होता लंडनचा क्रिस्टल पॅलेस. तो १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी उभारला, आणि पॅक्स्टन हे पेशाने माळी होते. हाइड पार्कमधली जुनी एल्मची झाडे त्या जागेत येत होती. ती तोडू नयेत असा लोकांचा आग्रह होता. तेव्हा पॅक्स्टन यांनी मधले छप्पर उंच कमानीसारखे वाकविले आणि झाडे जिथल्या तिथे, इमारतीच्या पोटात, उभी ठेवली. माळ्याने बांधलेली इमारत कशी असते याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. तिथे झाडाने आपली उंची सांगितली आणि घराने ती ऐकली. लालबागेचे काचघर याच कुळातले. फुलांना ऊन हवे, वारा बेताचा हवा, माणसांना ती पाहता यावीत, एवढ्यासाठी बांधलेले ते घर होते.

त्या घरात शिरताच समोर दिसले ते फुलांचे घर.

२०२३ च्या ऑगस्टमधील प्रदर्शनाचा विषय होता कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाराला आलेली विधानसौध ही वास्तू. मूळ विधानसौध ग्रॅनाइटची. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिची पायाभरणी झाली, १९५६ मध्ये ती पुरी झाली. तिच्या दर्शनी भागावर ‘सरकारचे काम हे देवाचे काम’ अशा अर्थाचा लेख कोरलेला आहे. त्या वास्तूची माणसाच्या दोन-तीन पट उंचीची प्रतिकृती काचघराच्या मधोमध उभी होती. खांब, कमानी, पायऱ्या, मधला घुमट, सारे फुलांनी मढविलेले. भोवती दोर लावलेला, आणि दोराला टेकून लोक पाठ फिरवून उभे; कारण छायाचित्र घ्यायचे तर फुलांकडे पाठ करावी लागते.

कारागिरीविषयी प्रथम बोलतो, कारण ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पांढऱ्या आणि लाल फुलांच्या रांगा इतक्या सरळ होत्या की दुरून रंगकाम वाटावे. घुमटाच्या गोलाईवर फुले बसविताना वरून खाली त्यांचा आकार जुळवून घेतला होता. ते काम ज्याने केले त्याच्या बोटांत कला आहे. बारा दिवसांच्या प्रदर्शनात कापलेला गुलाब टिकत नाही, तेव्हा मधेच फुले उतरवून नवी बसवावी लागतात. रात्रीतून हा खटाटोप करणारी माणसे कोण, ती कुठून येतात, हे आम्हांला तेथे कुठे वाचायला मिळाले नाही. विषयाची माहिती मात्र भरपूर लावली होती.

आणि तरीही, त्या प्रतिकृतीपुढे उभे राहून आम्हांला आनंद झाला नाही. अचंबा झाला; आनंद आणि अचंबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असे का झाले याचा विचार करीत आम्ही एका खांबाशी थांबलो. मोठी गोष्ट फुलांनी बांधायची म्हणजे फुलाकडून विटेचे काम करून घ्यावे लागते. विटेचा गुण कोणता? ती शेजारच्या विटेसारखी असावी, तिच्यात वेगळेपण नसावे, ती ओळीत बसावी. फुलाचा गुण नेमका याच्या उलट आहे. एकाच वेलीवरची दोन फुले सारखी नसतात, म्हणून तर आपण एकाला हात लावतो आणि दुसऱ्याला लावीत नाही. त्या खांबातील एक गुलाब कडेने तपकिरी पडू लागला होता. खरे तर त्या सगळ्या लाखो फुलांत आम्हांला दिसलेले ‘फूल’ तेवढेच. इतर सारा नुसता रंग होता.

प्रभू येशूने रानातल्या भूकमळांकडे बोट दाखवून शलमोन राजाच्या वैभवाची गोष्ट काढली, ती आपण उपदेशांतून इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातला उपरोध आता जाणवेनासा झाला आहे. राजाचे सारे वैभव एका पारड्यात आणि न कातणारे, न विणणारे एक रानफूल दुसऱ्यात, आणि पारडे फुलाचे जड! लालबागेच्या काचघरात आम्हांला ही तुलना उलटी झालेली दिसली. तेथे फुलाने राजवाड्याचे सोंग घेतले होते. सोंग हुबेहूब होते. पण हुबेहूब सोंग घेण्यासाठी स्वतःला विसरावे लागते, हे नाटकवाले आपल्याला सांगतील.

दुसरी उणीव मावशींनी काढली. काचघरात अर्धा तास काढल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “वास कुठे आहे?” आम्ही थबकलो. एवढी फुले, आणि वास नाही! गर्दीच्या घामाचा, ओल्या मातीचा, कुणाच्या हातातल्या मक्याच्या कणसाचा वास होता, फुलांचा नव्हता. याला कारण आहे. बाजारासाठी वाढविलेल्या कापीव फुलांत दांड्याची लांबी, पाकळीचा जाडपणा आणि टिकाऊपणा यांच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली, आणि त्या निवडीत सुगंध पुष्कळदा मागे राहिला. प्रदर्शनाला ही फुले सोयीची. मोगरा सोयीचा नाही. तो संध्याकाळी उमलतो, रात्रभर दरवळतो आणि सकाळी मान टाकतो. त्याचे घुमट आणि खांब होत नाहीत. फादर स्टीफन्स यांनी सन १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी भाषेची थोरवी गाताना फुलांतून निवडली ती मोगरी. परदेशातून आलेल्या त्या धर्मगुरूला या भूमीच्या फुलांत काय श्रेष्ठ ते नाकाने कळले होते. ज्या प्रदर्शनात मोगऱ्याला जागा नाही ते प्रदर्शन डोळ्यांचे आहे, फुलांचे नव्हे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी होणार नाही.

काचघरातून बाहेर पडल्यावर मात्र आमचे मत बदलू लागले, आणि हे सांगितले नाही तर या लेखाला अर्थ नाही. बाहेर वाटेच्या दोन्ही अंगांना कुंड्यांच्या रांगा होत्या. झेंडू, कोंबडा, साल्व्हिया, पेटुनिया, बुटकी डेलिया. काहीच दुर्मीळ नाही. परंतु ही सारी मुळांवर उभी होती. मावशी येथे पहिल्यांदा वाकल्या. त्यांनी एका कुंडीच्या मातीत बोट खुपसून पाहिले, पानाची खालची बाजू उलटून पाहिली आणि म्हणाल्या, “ह्याला चांगले हात लागलेत.” नेमक्या एका आठवड्यात हजारो कुंड्या फुलाव्यात म्हणून माळ्याला कित्येक आठवडे आधी बी पेरावे लागते, रोपे हलवावी लागतात, शेंडे खुडावे लागतात, पावसाचा अंदाज घ्यावा लागतो, ऑगस्टमध्ये तर पाणी घालण्यापेक्षा पाणी अडविण्याचीच चिंता अधिक. हा सगळा काळ त्या झेंडूत साठलेला होता. प्रतिकृतीत काही रात्रींची मेहनत दिसते, कुंडीत ऋतू दिसतो. लोक मात्र या रांगांजवळून भराभर पुढे जात होते, कारण येथे टेकायला दोर नव्हता आणि पाहण्याजोगे ‘काहीच’ नव्हते.

डॉ. मरिगौडा स्मारक सभागृहातल्या स्पर्धाही अशाच. इकेबाना, बोन्साय, भाज्यांवरील कोरीवकाम, आणि ‘जानूर’ म्हणून ओळखली जाणारी, नारळाच्या कोवळ्या पात्यांना दुमडून आकार देण्याची इंडोनेशियातील कला. भाज्यांचे कोरीवकाम आमच्या पचनी पडत नाही; कलिंगडातून कोरलेला मोर पाहिला की आम्हांला कलिंगडाचीच दया येते. पण जानूरपुढे आम्ही बराच वेळ रेंगाळलो. झावळ्यांच्या रविवारी आपल्याकडची मुले पात्यांचे क्रूस, भिंगऱ्या विणीत बसतात, त्याच बोटांची ही भाषा. पाते येथे पातेच राहते, फक्त वळते. इकेबानाचे एक पात्र तर विसरता येणार नाही. एक वाकडी फांदी, दोन पाने आणि शेवंतीचे एक फूल; बाकी मोकळी जागा. ही कला जपानातील बौद्ध मंदिरांत मूर्तीपुढे फुले वाहण्याच्या रिवाजातून आली, हे कळल्यावर त्या मोकळ्या जागेचे कारणही समजते. देवापुढे ठेवलेल्या फुलाने आपल्याकडे लक्ष वेधून घ्यायचे नसते.

अशा भव्य प्रतिकृतींची लालबागेत परंपराच पडली आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये कवी कुवेंपू, २०१८ च्या जानेवारीत श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर, २०१९ च्या जानेवारीत महात्मा गांधी, २०२२ मध्ये अभिनेते राजकुमार आणि पुनीत राजकुमार, २०२४ च्या ऑगस्टमध्ये डॉ. आंबेडकर. सगळे आदरास पात्र. पण थोर व्यक्तीला फुलांनी वंदन करणे आणि फुलांनी तिचा पुतळा रचणे यांत अंतर आहे. पहिल्यात फूल अर्पण होते, दुसऱ्यात ते खर्ची पडते. सर्वांत विचित्र योग जुळला तो २०२४ च्या जानेवारीत. विषय होता बसवण्णा आणि वचनसाहित्य, आणि काचघरात उभा राहिला होता फुलांचा अनुभवमंटप. आम्ही त्याची छायाचित्रेच काय ती पाहिली. ज्या सत्पुरुषाने दगडामातीच्या स्थावर मंदिरापेक्षा चालत्याबोलत्या जंगमाची बाजू घेतली, त्याच्या गौरवासाठी वास्तूच उभारावी, आणि तीही फुलासारख्या जंगम वस्तूला स्थावर करून! आयोजकांचा हेतू निर्मळच असणार. हेतू निर्मळ असूनही रूप त्याच्या विरुद्ध बोलू शकते, आणि ते दाखविण्यासाठीच तर समीक्षेचा खटाटोप असतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नुसत्या कुंड्या पाहायला एवढे लोक आले असते का? तिकिटे विकली गेली असती का? ज्या माणसाच्या घराला गॅलरीसुद्धा नाही त्याला फुलांचा राजवाडा पाहून घटकाभर हरखून जाण्याचा अधिकार नाही का? आहे. एका लहान मुलीने वडिलांच्या खांद्यावरून तो घुमट पाहिला आणि दोन्ही हात वर केले. तिचा आनंद खोटा होता असे म्हणण्याची आमची छाती नाही. पण याच प्रदर्शनाच्या निमित्ताने घरगुती बागांच्याही स्पर्धा घेतल्या जातात. त्या मुलीला घुमटाकडून कुंडीकडे नेणारी वाट प्रदर्शनात कुठेतरी असायला हवी होती. ती आम्हांला सापडली नाही. गर्दीचा ओघ काचघरातून निघून थेट खाद्यपदार्थांच्या गाड्यांकडे जात होता.

आता जे सांगायचे ते आपल्या घरचे आहे.

आमच्या लहानपणी सणाच्या आदल्या संध्याकाळी देवळात घरोघरच्या परड्या येत. कुणाची तगर, कुणाचा सोनचाफा, कुणाची जास्वंद; ज्याच्या वाडीत जे असेल ते. सजावट ओबडधोबड होई. एका बाजूचा गुच्छ उंच, दुसरा बुटका. पण मिस्सेच्या वेळी प्रत्येक मुलाला आपल्या घरचे फूल वेदीजवळ कुठे आहे हे ठाऊक असे. अलीकडे बऱ्याच ठिकाणी सजावटीचे कंत्राट दिले जाते. जर्बेरा आणि कार्नेशन बाहेरून येतात, हिरव्या स्पंजाच्या विटांत खोचले जातात, आणि वेदीपुढे हृदय, कमान, मोर असे काहीबाही उभे राहते. लालबागेच्या घुमटाची ती धाकटी भावंडे आहेत. तो हिरवा स्पंज, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘ओॲसिस’ म्हणतात, अमेरिकेत १९५४ मध्ये निघाला. तो प्लास्टिकच्याच जातीचा. कुजत नाही; कुस्करला की त्याचा बारीक भुगा मातीत आणि पाण्यात उतरतो. इंग्लंडच्या ज्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे चेल्सी येथील पुष्पप्रदर्शन जगभर नावाजलेले आहे, तिने २०२१ मध्ये आपल्या प्रदर्शनांतून तो हद्दपार केला. तिथले कलावंत आता काटेरी बैठका, तारेच्या जाळ्या आणि साधी पाण्याची भांडी यांकडे परतले आहेत. आपल्याकडे सण संपल्यावर त्या विटा कुठे जातात? आमच्या माहितीतल्या एका देवळामागच्या विहिरीच्या काठी त्यांचा ढीग आम्ही पाहिला आहे.

ख्रिस्तसभेचे याविषयी म्हणणे स्पष्ट आहे, पण ते फारसे वाचले जात नाही. रोमन मिस्साग्रंथाच्या प्रास्ताविक सूचनांतील ३०५ व्या परिच्छेदात वेदीची सजावट संयमाने करावी असे सांगितले आहे. फुले वेदीवर न ठेवता वेदीभोवती ठेवावीत. आगमनकाळात ती बेताची असावीत, नाताळचा आनंद आधीच उधळून टाकू नये. उपवासकाळात, चौथा रविवार आणि मोठे सण वगळता, मुळीच नसावीत. यात सौंदर्याविषयीची एक जाण दडलेली आहे असे आम्हांला वाटते. चाळीस दिवस वेदी रिकामी पाहिली असेल तरच पुनरुत्थानाच्या सणाला ठेवलेले साधे फूल डोळ्यांत भरते. रिकामेपण हा सजावटीचाच भाग आहे. इकेबानाचा जपानी कलावंत हे जाणतो आणि मिस्साग्रंथही जाणतो.

मावशींना विधानसौधाची ती प्रतिकृती कशी वाटली, हे आम्ही संध्याकाळी विचारले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्या वाडीचं पण असंच झालं. मोगरा होता, तिथे बिल्डिंग आली. इथे निदान मोगऱ्याचीच बिल्डिंग केली.” आम्ही हसलो, त्याही हसल्या, पण ते हसणे लवकर थांबले. गेल्या तीन-चार दशकांत वसईतल्या किती वाड्या बुजल्या, किती विहिरी खाऱ्या झाल्या, हे वाचकांस आम्ही नव्याने सांगण्याची गरज नाही. आमच्यापैकी काहींनी त्या विकल्या, काहींना विकाव्या लागल्या. त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींना ‘मोगरा’, ‘चमेली’ अशी नावे दिली जातात, हाही फुलांच्या घराचाच एक प्रकार.

बागेतून निघताना फाटकाबाहेर एक बाई टोपलीत गजरे घेऊन बसली होती. त्या बाजूला गजरा हाताने मोजून देतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मोळ. मावशींना कानडी येत नाही, त्या बाईला मराठी येत नव्हते. मावशींनी एक कळी उचलली, देठाशी दाबून पाहिली, नाकाशी नेली आणि बोटाने विचारले, आजची? बाईने मान हलविली, सूर्य उगवतो तिकडे हात केला आणि म्हणाली, “मल्लिगे.” मग त्या दोघींनी एकमेकींची बोटे पाहिली. दोघींच्याही अंगठ्याचे नख, कळ्या खुडून खुडून, एकाच बाजूने झिजलेले होते. बाईने एक मोळ मोजला आणि वर चार बोटे जास्तीचे दिले.